दार नसलेले घर



आज आपण एका घराची माहिती घेऊ. हे घर रानात आहे. त्याला तीन बाजूंनी दगडी भिंती आहेत. वर छप्पर आहे. चौथी बाजू उघडी आहे. दार नाही, कडी नाही, कुलूप नाही. राखणदार नाही. कोणीही वाटसरूने यावे, रात्री निजावे आणि सकाळी चालू लागावे. भाडे पडत नाही.

आपण म्हणाल, "गुरुजी, असले घर चार महिने तरी टिकेल का? छप्पर जाईल, वासे जातील, भिंतीचे दगडसुद्धा लोक नेतील."

पण हे घर १९२८ साली बांधलेले आहे. ते अजून उभे आहे. ते कसे टिकले, हेच आज सांगायचे आहे.

हे घर आपल्या देशात नाही, अमेरिकेत आहे. तिकडे न्यूयॉर्क नावाचे फार मोठे शहर आहे. शहरापासून उत्तरेला सुमारे ५० किलोमीटरवर डोंगर लागतात. तेथे हॅरिमन नावाचे रान आहे. तिकडे अशा रानाला 'स्टेट पार्क' म्हणतात. म्हणजे राज्य सरकारने लोकांसाठी राखून ठेवलेले रान. हे रान सुमारे ४७,००० एकरांचे आहे. आत दाट झाडी आहे, लहानमोठी तळी आहेत. चालायच्या पायवाटा २०० मैलांहून अधिक आहेत.

हे रान लोकांना कसे मिळाले? त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. या रानाला लागून, हडसन नदीच्या काठी, बेअर माउंटन नावाचा डोंगर आहे. बेअर माउंटन म्हणजे अस्वलाचा डोंगर. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सरकारने तेथे तुरुंग बांधायचे ठरवले होते. कैदी आणून झाडे तोडायलाही सुरुवात झाली होती. तेव्हा मेरी हॅरिमन नावाच्या बाई पुढे आल्या. त्यांचे यजमान रेल्वेचे मोठे मालक होते. ते १९०९ साली वारले होते. बाईंनी १९१० साली आपली १०,००० एकर जमीन आणि १० लाख डॉलर सरकारला दिले. एक अट अशी घातली. येथे तुरुंग नको, लोकांसाठी रान राखा. सरकारने ते मान्य केले.

जमीन मिळाली. पण नुसत्या जमिनीवर माणूस कसा फिरणार? वाट हवी. त्या काळी शहरात नोकरीधंदा करणारे आणि सुटीच्या दिवशी डोंगर चालणारे पुष्कळ लोक होते. त्यांची लहान लहान मंडळे होती. १९२० साली ती मंडळे एकत्र आली. त्यांनी एक संस्था काढली. सुटीच्या दिवशी कोयता, करवत घेऊन हे लोक रानात जाऊ लागले. झुडपे तोडली. वाटा काढल्या. पगार कोणाला नव्हता.

अमेरिकेत एक फार लांब पायवाट आहे. तिला अॅपलाचियन वाट म्हणतात. ती १४ राज्यांतून जाते. लांबी सुमारे ३,५०० किलोमीटर. या एवढ्या मोठ्या वाटेचा पहिला नवा तुकडा १९२३ साली खुला झाला, तो याच रानात. सगळी वाट पुरी व्हायला १९३७ साल उजाडले. वाटेवर मुक्कामासाठी जागोजागी निवारे आहेत. आपले दार नसलेले घर त्यांतलेच एक. ते फिंगरबोर्ड नावाच्या डोंगरावर आहे.

आमचा मुलगा त्या बाजूला नोकरीला आहे. त्याच्याकडे गेलो होतो, तेव्हा त्याच्याबरोबर आम्ही त्या निवाऱ्यात एक रात्र राहिलो. महिना ऑक्टोबरचा होता. झाडांची पाने लाल-पिवळी झाली होती. पाठीवर अंथरूण, खाणे, पाणी आणि विजेरी घेऊन सकाळी निघालो. चढ लागला. पुढे एक तळे लागले. मग दोन उंच खडकांमधली अरुंद फट आली. तिकडे तिला लिंबाचा चाप म्हणतात. नाव अगदी बरोबर आहे, बरं का! पाठीवरचे ओझे उतरवून, अंग आकसून पार व्हावे लागते.

रानात वाट विचारायला माणूस नव्हता. मग वाट कशी सापडली? झाडांच्या बुंध्यांवर पांढऱ्या रंगाचे पट्टे काढलेले आहेत. पट्टा दोन इंच रुंद, सहा इंच उंच. एका पट्ट्याजवळ उभे राहिले की पुढचा दिसतो. पट्टा दिसला की वाट बरोबर. एकावर एक असे दोन पट्टे दिसले, तर सावध व्हायचे. तेथे वाट वळते. निळा पट्टा म्हणजे फाट्याची वाट. पट्टा बराच वेळ दिसला नाही, तर पुढे जायचे नाही. मागे फिरून शेवटचा पट्टा गाठायचा. ही रानातली अक्षरे आहेत. ज्याला ती वाचता येतात, तो चुकत नाही. आपण परवापरवा अक्षरे शिकलात. त्यांची किंमत आपल्याला वेगळी सांगायला नको.

दिवस कलायच्या आत आम्ही निवाऱ्याशी पोचलो. आत दोन माणसे आधीच होती. एक तरुण होता आणि एक वयस्क बाई होत्या. ओळख ना पाळख. पण आम्हांला पाहताच दोघांनी आपली अंथरुणे सरकवली आणि जागा करून दिली. तेथला रिवाजच असा आहे. आधी येईल त्याला जागा. पण मागून येणाऱ्यालाही सामावून घ्यायचे.

निवाऱ्याजवळ भरवशाचे पाणी नाही. डोंगर उतरून तळ्यावर जावे लागते. म्हणून पाणी बरोबर न्यावे लागते. तळ्याचे किंवा ओढ्याचे पाणी तसेच प्यायचे नाही. स्वच्छ दिसले तरी उकळायचे. खळखळ उकळी फुटली की पुढे एक मिनिट उकळू द्यायचे.

आता तेथले बाकीचे नियम ऐका. प्रत्येक नियमाला कारण आहे.

विस्तव ठरलेल्या चुलीतच पेटवायचा. जळण म्हणून खाली पडलेले वाळके लाकूडच घ्यायचे. उभ्या झाडाला हात लावायचा नाही. निजण्यापूर्वी विस्तवावर पाणी ओतायचे. राख हाताला गार लागली पाहिजे. नाहीतर एका ठिणगीने सारे रान पेटेल.

खाण्याचे पदार्थ उशाशी ठेवायचे नाहीत. रानात काळी अस्वले आहेत. अस्वलाला माणसाच्या अन्नाची एकदा चटक लागली की ते पुन्हा पुन्हा येते. मग माणसाला धोका होतो. शेवटी त्या अस्वलाला मारावे लागते. चूक माणसाची, जीव जातो जनावराचा.

शौचाला निवाऱ्यापासून आणि पाण्यापासून २०० फूट दूर जायचे. म्हणजे सुमारे सत्तर ढांगा. सहा ते आठ इंच खड्डा करायचा आणि नंतर मातीने बुजवायचा. का? खालच्या अंगाला कोणीतरी तेच पाणी पिणार असते.

चालून आल्यावर सारे अंग तपासायचे. तेथे गोचीड फार. आपल्या गुरांना लागते तशीच, पण एक जात फारच बारीक असते. तिच्या चाव्याने लाइम नावाचा आजार होतो. ताप येतो, सांधे दुखतात. म्हणून अंगभर कपडे घालायचे. गोचीड दिसली तर लगेच काढायची.

आणि शेवटचा नियम. आणलेला कचरा परत न्यायचा. तेथे कचरा उचलायला कोणी येत नाही.

निवाऱ्यात एक वही होती. मुलगा म्हणाला, "बाबा, यात नाव लिहा. तारीख लिहा. उद्या कुठल्या बाजूला जाणार तेही लिहा."

आम्ही विचारले, "कशासाठी? आपल्याला कोण ओळखतो?"

तो म्हणाला, "ओळखायला नको, बाबा. कोणी वाट चुकला, पाय मोडून पडला, तर शोधणारे आधी ही वही बघतात. शेवटचा मुक्काम कुठे झाला, ते कळते. शोध तेथून सुरू होतो."

आम्ही नाव, तारीख आणि वाट इंग्रजीत लिहिली. खाली मराठीतही सही केली. एका ओळीच्या लिहिण्याने माणसाचा जीव वाचू शकतो, हे तेथे मनावर ठसले.

सकाळी उठून पाहतो, तो त्या बाई निवारा झाडत होत्या. कोपऱ्यात आदल्या कोणीतरी टाकलेला डबा पडला होता. तो त्यांनी उचलून आपल्या पिशवीत घातला. डबा त्यांचा नव्हता. आम्ही पाहत आहोत, हेही त्यांना माहीत नव्हते.

मंडळी, तिकडची माणसे देव नाहीत. तेथेही कोणी कचरा टाकतो. कोणी भिंतीवर नाव कोरतो. पण त्यामागून आणखी कोणी येतो आणि साफ करतो. वाटेचा एकेक तुकडा एकेका माणसाने वाटून घेतलेला आहे. आपल्या तुकड्यावर तो वर्षातून काही वेळा जातो. आडवे पडलेले झाड कापतो. फिकट झालेला पट्टा पुन्हा रंगवतो. या कामाचा त्याला पैसा मिळत नाही. १९२० साली सुरू झालेली ती संस्था आजही हे काम करते.

गाव करी ते राव न करी, अशी आपली म्हण आहे. या रानाची जमीन धनवान बाईंनी दिली. पण शंभर वर्षे ते राखले साध्या माणसांनी. थोडे थोडे काम वाटून घेतले, म्हणून ते झाले.

आपल्याकडे काय होते? सर्वांचे ते कोणाचेच नाही, असे आपण धरून चालतो. एस. टी.च्या थांब्याची शेड बघा. ती आपली सर्वांची. म्हातारीकोतारी, शाळेची पोरे तेथे उन्हापावसात उभी राहतात. मग तेथे पानाची पिचकारी कोण मारतो? बाक कोण मोडतो? परगावचा माणूस येत नाही. आपल्यातलाच कोणी असतो. आणि ते पाहून गप्प बसणारेही आपणच असतो.

यासाठी फार मोठे काही करायला नको. या वर्गात आपण तीस जण आहात. दर आठवड्याला दोघांनी ती शेड झाडावी. पंधरा आठवड्यांनी एकदा पाळी येईल. नावांची यादी आपणच लिहा. आता आपल्याला लिहिता येते. ती यादी वर्गाच्या भिंतीवर लावा. ज्याची पाळी असेल, त्याने आपले नाव वाचावे आणि खराटा घ्यावा.

पुढच्या सोमवारी आम्ही येऊ, तेव्हा ती यादी पाहू. राम राम.