रविवारी शाळेत जाणारी लेक

आमच्या बचत गटातल्या एका मावशींची लेक मालदीवला गणिताची शिक्षिका आहे. सुरुवातीला मावशी रविवारी फोन लावायच्या आणि ती उचलायची नाही. इकडं मावशींचा जीव खालीवर. मग कळलं, तिकडं सुट्टी शुक्रवार-शनिवारची, रविवारी शाळा भरते.

बेट लहानसं, चालत पार करता येईल एवढं. भाजी बोटीनं येते. समुद्र खवळला की नुसता डाळभात. मासळी भरपूर, पण ही माळकऱ्याच्या घरातली! वर्गात इंग्रजीतून शिकवायचं, आणि पोरं आपसात धिवेहीत काय बोलतात ते कळत नाही. पहिला महिनाभर ती रात्री रडायची. हे तिनं आईला नाही, मला सांगितलं. आज तिला विचारूनच सांगतेय. मावशी, ऐकताय ना?

जायच्या आधी एका एजंटानं दीड लाख मागितले होते. मावशी गटाकडं कर्ज मागायला आल्या. आम्ही सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाहिलं. तिथं नोंदणी असलेल्या एजंटांची यादी असते आणि त्यांना 30,000 रुपये व जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. ह्याचं नाव यादीत नव्हतं. कर्ज अडवलं. मावशी महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. यादीतल्या दुसऱ्या एजंटाकडून पोरगी गेली, पण पाच महिने उशिरा.

आता चार हप्ते राहिलेत. करारही संपत आलाय. मावशी फोनवर म्हणतात, “वाढव गं,” आणि फोन ठेवून डोळे पुसतात.