नितळ पाण्याखाली



अमेरिकेतील कॅलिफोर्निया व नेवाडा राज्यांच्या सीमेवरील ताहो सरोवर नितळ पाण्यासाठी प्रसिद्ध आहे. सहलीस येणाऱ्यांना तळही स्वच्छच वाटे. परंतु मे २०२१ ते मे २०२२ या काळात स्वयंसेवक पाणबुड्यांनी ७२ मैलांच्या किनाऱ्यालगतचा तळ सुमारे २५ फूट खोलीपर्यंत धुंडाळला, तेव्हा ११ टनांहून अधिक कचरा निघाला. तो त्यांनी नुसता उचलला नाही. मोजून, वर्गवारी करून नोंदला. कचरा कोठून येतो हे कळल्यावाचून तो थांबत नाही.

शाळेने हाच पाठ घ्यावा. मुलांना पाण्यात मुळीच उतरवू नये. गावतळ्याच्या काठचा कचरा शिक्षकांदेखत मोजून फळ्यावर कोष्टक मांडावे. कचरा मोजणारे मूल तो टाकताना थबकते.