विषारी वायूची मर्यादा आणि कामगाराचा हक्क



कामगाराचे हक्क म्हटले की आपण मजुरी, रजा आणि नोकरीची शाश्वती यांचा विचार करतो. परंतु तो ज्या हवेत श्वास घेतो, त्या हवेतील विषालाही कायद्याने मर्यादा घातली आहे, याची वाच्यता आपल्या घरांतून फारशी होत नाही. जातीने जी कामे आपल्या लोकांच्या माथी मारली, त्यांत गटारे उपसण्याचे काम सर्वांत घातक आहे. म्हणून त्याच कामाचे उदाहरण मी घेतो.

गटारात व सेप्टिक टाकीत मैला कुजला म्हणजे हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू तयार होतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमास १९८७ साली दुरुस्तीने विषारी द्रव्यांच्या मर्यादांचे परिशिष्ट जोडले गेले. त्यात या वायूची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने हवेच्या दहा लक्ष भागांत १० भाग आणि पंधरा मिनिटांपुरती १५ भाग अशी होती. पुढे २०२० च्या संहितेने कारखान्यांसाठी अशा मर्यादा ठरविण्याचे काम राज्य शासनांकडे सोपविले.

ही सरासरी आठ तासांची का? कारण कामगाराच्या दिवसालाही मर्यादा आहे. १९४६ च्या कायद्याने कारखान्यांतील आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. ते विधेयक मांडले गेले तेव्हा मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. तास मोजल्याशिवाय विषही मोजता येत नाही, हे यावरून ध्यानात येईल.

कोणी म्हणेल, वास आला की आम्ही वर येऊ. हा समज प्राणघातक आहे. कुजलेल्या अंड्यासारखा तो वास एका भागाहून कमी प्रमाणातही येतो, हे खरे. परंतु प्रमाण १०० भागांच्या आसपास गेले की काही मिनिटांतच नाक बधिर होते. वास थांबला म्हणजे वायू गेला असे माणसास वाटते. वस्तुतः तो वाढलेला असतो. प्रमाण ७०० ते १,००० भागांपर्यंत गेले तर माणूस थोड्याच श्वासांत कोसळतो, कारण शरीराच्या पेशींना प्राणवायू वापरताच येत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल हा वायू अडवीत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, झाकण उघडल्यावर वरची हवा निर्दोष वाटली तरी तळाचा गाळ पायाने ढवळताच त्यात दडलेला वायू एकदम बाहेर पडतो. म्हणून वरच्या वर एकदा केलेले मोजमाप पुरेसे नाही. आणि एक बेशुद्ध पडला की त्याला वाचवावयास दुसरा तसाच उतरतो व तोही प्राणास मुकतो. अशा वेळी धावून जाणाऱ्याने हवेची नळी व मुखवटा यांवाचून खाली पाऊल टाकू नये.

आता कायदा काय सांगतो ते पाहा. २०१३ च्या अधिनियमाच्या कलम ७ ने गटार व सेप्टिक टाकी यांच्या धोकादायक सफाईसाठी माणसास कामावर लावण्यास मनाई केली आहे. पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लक्ष रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. गटारातील मृत्यूबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लक्ष रुपये भरपाई ठरविली. २०२३ साली ती तीस लक्ष केली. परंतु भरपाई ही मृत्यूनंतरची आहे. मर्यादा व मनाई या जिवंत माणसासाठी आहेत, आणि आपला आग्रह त्यांच्यासाठीच असला पाहिजे.

म्हणून घरातील कर्त्या पुरुषास ठेकेदाराने झाकण उघडून उतरावयास सांगितले, तर त्याने विचारावे: यंत्र का आणले नाही? वायू कोणी मोजला, किती खोलीवर मोजला आणि आकडा किती आला? उतरण्याचा लेखी हुकूम कोणाचा? उत्तर मिळाले नाही तर त्याने उतरू नये. घरातील माउलीने त्या दिवशीच्या बुडालेल्या मजुरीबद्दल त्याला बोल लावू नये. मुलांनी शाळेत हा धडा शिकून वडिलांना वाचून दाखवावा.

नाकार हा भित्रेपणा नव्हे. ज्याला आपल्या श्वासाचे मोल कळले, त्याला दुसरा कोणी स्वस्तात विकू शकत नाही.