यंत्र-कारकून आणि कळंबोलीचा कांटा

मुंबईच्या दाटीवाटींत लोखंडाच्या वखारींना जागा पुरेना, तेव्हां १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडकोनें पुढें पनवेलजवळ कळंबोली येथें लोखंड-पोलादाचा स्वतंत्र बाजार वसविला. मुंबई-पुणें द्रुतगतिमार्ग जेथून सुरू होतो, त्याच परिसरांत हा बाजार आहे. सळया, पत्रे व तुळया यांचे ढीग, ते उचलणाऱ्या याऱ्या, मालमोटारींच्या रांगा आणि माथाडी कामगारांच्या टोळ्या, असें त्याचें रूप. अशा ठिकाणीं कृत्रिम बुद्धीची गोष्ट काढणें कित्येक श्रोत्यांस विनोदाचें वाटेल. परंतु ज्या कचेरींत ह्या लोखंडाचा हिशेब ठेवतात तेथें संगणक केव्हांच येऊन बसला. आणि त्याच्या पाठोपाठ, मनुष्याशीं मनुष्याच्या भाषेंत बोलणारा एक यंत्र-कारकून आतां दाराशीं उभा आहे. त्याला आंत घ्यावें कीं नाहीं, आणि घेतल्यास कोणत्या कामावर बसवावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

दहा माणसें दहा ठिकाणीं बसून एकच काम करीत असलीं म्हणजे तीं हल्लीं एकमेकांशीं लेखी बोलतात. त्यासाठीं स्लॅक, मायक्रोसॉफ्ट टीम्स यांसारखीं साधनें निघालीं आहेत. घरोघरचा व्हॉट्सॲपवरील ग्रूप हें त्यांचेंच एक भावंड. ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं चॅटजीपीटी लोकांपुढें आलें, आणि थोड्याच काळांत अशा कामकाजाच्या ग्रूपांत हें बोलकें यंत्रही एक सभासद म्हणून बसूं लागलें. नांव घेऊन हांक मारली कीं तें मागील संभाषण वाचतें, प्रश्नास उत्तर देतें, सांगितल्यास टिपण करून देतें. यंत्राशीं गप्पा मारण्याची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेंत जोसेफ वायझेनबॉम यांनीं १९६६ सालीं ‘एलायझा’ प्रसिद्ध केली, पण ती बिचारी समोरच्याचेच शब्द थोडे फिरवून त्याला परत करी. आजचें यंत्र अफाट मजकूर वाचून तयार झालेलें आहे, आणि एका शब्दापुढें कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, ह्या अंदाजानें तें वाक्य रचीत जातें. त्यामुळें तें सहसा अडखळत नाहीं. ठाऊक असलेलें आणि ठाऊक नसलेलें तें एकाच सुरांत सांगूं शकतें, ही गोष्ट पुढें उपयोगी पडणार आहे. ती ध्यानांत ठेवावी.

आतां असें समजा कीं, ह्या बाजारांतील एका पेढीला मालाची आवक-जावक, कांट्याचीं वजनें, बिलें आणि वाहतुकीचीं कागदपत्रें यांसाठीं नवी संगणक-प्रणाली करून घ्यावयाची आहे. मालक कळंबोलीस, व्यवहार पाहणारी त्यांची कन्या नव्या पनवेलींत, हिशेबनीस खारघरला, आणि प्रणाली रचणारे तरुण पुण्यास. सर्वांचा मिळून एक ग्रूप. तीन आठवडे त्यांत बोलणें चाललें आहे. पेढीला नेमकें काय हवें, हें त्या बोलण्यांत आहे खरें. पण तें एका ठिकाणीं कोठेंच नाहीं. उधारीची मुदत एका सकाळीं सांगितली गेली, सवलतीचा नियम जेवणाच्या सुट्टीनंतर, आणि बिलावर कोणाची सही असावी हें तर एका भांडणाच्या ओघांत. फ्रेडरिक ब्रुक्स नांवाच्या अनुभवी संगणकशास्त्रज्ञानें १९८६ सालींच एका निबंधांत असें प्रतिपादन केलें होतें कीं, प्रणाली बांधतांना सर्वांत कठीण काम जर कोणतें असेल, तर काय बांधावयाचें तें नेमकें ठरविणें. घर बांधून घेतलेल्या प्रत्येक गृहस्थास हें निबंध न वाचतांही पटेल.

ह्या ठिकाणीं यंत्र-कारकुनाचा गुण दिसतो, आणि तो मोकळेपणानें मान्य केला पाहिजे. ‘आजवर ठरलेल्या गरजांची यादी कर,’ असें सांगतांच तो मराठी, हिंदी व इंग्रजी यांची खिचडी असलेला तो सारा मजकूर चाळतो आणि कांहीं क्षणांत क्रमवार यादी पुढें ठेवतो. तो थकत नाहीं, कंटाळत नाहीं. विशेष म्हणजे त्याला भीड नाहीं. ‘मंगळवारीं उधारीची मुदत तीस दिवस म्हटली होती, आज पंचेचाळीस म्हटली आहे; यांपैकीं कोणती धरावी?’ हा प्रश्न तो खुद्द मालकांना विचारतो. पेढीवर नव्यानें लागलेला कारकून असें विचारण्यापूर्वीं दहा वेळां विचार करील, आणि बहुधा विचारणारच नाहीं. पेढीचे भाव व गिऱ्हाइकांचे फोन नंबर ज्या ग्रूपांत पडतात तेथें परक्या कंपनीचें यंत्र बसवितांना आपला मजकूर कोठें जातो याची चौकशी करावी, आणि २०२३ चा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा माहीत असावा, हें ओघानें आलेंच.

खरी अडचण निराळी आहे, आणि ती कांट्यापाशीं आहे.

मालकांनीं ग्रूपांत एकदां लिहिलें होतें: ‘सळईचा आकार आणि नग टाकले कीं वजन आपोआप यावें.’ साधी मागणी. पण लोखंडाच्या व्यापारांत वजन हा शब्द साधा नाहीं. एक हिशेबी वजन असतें. सळईच्या मिलिमीटरांतील व्यासाचा वर्ग करून त्यास १६२ नीं भागलें कीं एका मीटरचें वजन किलोंत निघतें. दहा मिलिमीटरची सळई मीटरला ०.६१७ किलो, म्हणून बारा मीटरची एक सळई सुमारें ७.४ किलो. दुसरें कांट्याचें वजन. मोटार रिकामी तोलून, मग भरून तोलून जें येतें तें. हीं दोन वजनें क्वचितच जुळतात, आणि त्यांत लबाडीच असते असें नाहीं. बांधकामाच्या सळईसाठीं असलेलें आय.एस. १७८६ हें भारतीय मानकच दहा मिलिमीटरपर्यंतच्या सळईस वजनांत शेंकडा सात अधिक-उणें चालवून घेतें. त्यापुढें सोळापर्यंत शेंकडा पांच, आणि त्याहून जाड सळईस शेंकडा तीन. म्हणजे दहा मिलिमीटरचा, हिशेबानें दहा टन असलेला माल कांट्यावर नऊ टन तीनशें किलो भरला तरी तो प्रमाणांत, आणि दहा टन सातशें भरला तरी प्रमाणांतच!

यंत्रानें यादींत लिहिलें: ‘वजन सूत्रानें काढावें.’ मालकांचें वाक्य पाहतां हा तर्क चुकीचा म्हणतां येत नाहीं. पण यादी पुरी व्हावी म्हणून त्यानें तिला आणखी एक ओळ जोडली: ‘टोळीची मजुरी वरील वजनावरून काढावी.’ ही गोष्ट ग्रूपांत कोणीही बोललें नव्हतें. पहिल्या ओळीपाठोपाठ ती इतकी सहज आली कीं कोणाच्या डोळ्यांस खुपली नाहीं. सर्वांनीं यादीखालीं अंगठ्याचें चित्र टाकून संमति दिली. मराठींत अंगठा दाखविणें याचा अर्थ काय होतो, हें त्या वेळीं कोणास आठवलें नसावें.

दुसऱ्या दिवशीं मालकांची कन्या छापील यादी घेऊन वखारींत गेली, आणि सावलींत टेकलेल्या टोळीच्या मुकादमाला तिनें सहज विचारलें, ‘काका, तुमच्या टोळीची मजुरी कोणत्या वजनावर धरतात?’

‘कांट्याच्या, ताई,’ मुकादम म्हणाला. ‘दुसरं वजन असतं होय?’

तिनें यादींतील ती ओळ वाचून दाखविली. मुकादम क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, ‘लोखंड खांद्यावर येतं तें कांट्याच्या वजनानं येतं. कागदाच्या वजनानं येत नाहीं.’

माथाडी कामगारांच्या कष्टाला कायद्याचा आधार मिळाला तो अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्या पुढाऱ्यांच्या दीर्घ लढ्यानंतर, १९६९ च्या अधिनियमानें. त्या कायद्याखालीं निरनिराळ्या धंद्यांसाठीं मंडळें झालीं, लोखंड-पोलादाचेंही झालें. मालकानें मजुरी व तिच्यावरील आकार मंडळाकडे भरावयाचा आणि मंडळानें तो कामगाराच्या पदरीं घालावयाचा, अशी व्यवस्था आली. टनामागें ठरलेल्या दरानें ज्याची मजुरी निघते, त्याच्या दृष्टीनें टन म्हणजे काय हा प्रश्न त्याच्या घरच्या पिठाचा प्रश्न आहे. आणि तो प्रश्न एका यादींत, दुपारच्या वेळीं, कोणीही न बोलतां सुटून गेला होता. यंत्रानें दुष्टपणा केला नाहीं, मालकांनींही केला नाहीं. यंत्राला ग्रूपांतलें सर्व ऐकूं येत होतें, आणि मुकादम ग्रूपांत नव्हता. कांट्यावरचा कारकूनही नव्हता. जे हजर नाहींत त्यांची गरज यादींत कशी यावी? हजर असलेल्यांचेंच बोलणें जितकें नीटनेटकें लिहिलें जाईल, तितकी ती गैरहजेरी अधिक झांकली जाते. जुन्या गबाळ्या वहीची खाडाखोड निदान शंका तरी उत्पन्न करी.

त्याच यादींत दुसरी एक चूक सांपडली, ती निराळ्या जातीची. मालाबरोबर जें ई-वे बिल द्यावें लागतें, त्याची मुदत अंतरावर अवलंबून असते. पूर्वीं ती दर शंभर किलोमीटरांस एक दिवस होती. १ जानेवारी २०२१ पासून दर दोनशें किलोमीटरांस एक दिवस झाली. यंत्रानें वाचलेल्या मजकुरांत दोन्ही नियम असणार. त्यानें जुना लिहिला, आणि तोही नव्याच्याच ठाम सुरांत. कळंबोलीहून कोल्हापूर साडेतीनशें किलोमीटरांच्या आसपास. जुन्या हिशेबानें चार दिवस मिळतात, नव्यानें दोनच. त्या भरंवशावर वाटेंत एक मुक्काम अधिक करणारा मोटारवाला मुदत संपलेल्या बिलानिशीं पकडला गेला, तर तो यंत्राचें नांव कोणास सांगणार?

हा केवळ तर्क नव्हे. कानडांतील एका विमान-कंपनीच्या बोलक्या यंत्रानें, घरीं मृत्यु झाल्यामुळें प्रवास करणाऱ्या एका उतारूस भाड्याच्या सवलतीविषयीं चुकीचा नियम सांगितला. कंपनीनें बचाव असा केला कीं, यंत्राच्या बोलण्यास आपण जबाबदार नाहीं. ब्रिटिश कोलंबियांतील न्यायाधिकरणानें फेब्रुवारी २०२४ मध्यें तो बचाव फेटाळला आणि भरपाई देवविली. यंत्र ज्याच्या पेढीवर बसलें आहे, शब्द त्याचा.

उलट, मनुष्यांनींच सर्व लिहून ठेवलें म्हणजे निर्धास्त झालें, असेंही नाहीं. मंगळाकडे पाठविलेलें अमेरिकेचें एक यान २३ सप्टेंबर १९९९ रोजीं नष्ट झालें. आंकडे मेट्रिक मापांत द्यावे असें कागदावर ठरलेलें होतें. एका गटाची प्रणाली ते पौंडांच्या मापांत देत राहिली, आणि लिहिलेलें व केलेलें ताडून पाहावयास कोणी वेळेवर बसलें नाहीं.

ताडून पाहण्याच्या ह्या कामाला मराठी कारभारांत जुनी जागा आहे. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत सचिवाचें एक काम असें होतें कीं, राजपत्रें तपासून अक्षर अधिक-उणें असेल तें शुद्ध करावें. पत्र लिहिणारा चिटणीस कितीही निष्णात असला तरी ही तपासणी चुकत नसे. आणि मजकूर जेथें संपला तेथें ‘मर्यादेयं विराजते’ हा शिक्का उमटे, म्हणजे त्याखालीं कोणाला कांहीं घुसडतां येऊं नये. त्यालाच मोर्तब म्हणत. आजही एखादी गोष्ट पक्की झाली म्हणजे शिक्कामोर्तब झालें असें म्हणतात. पण ग्रूपांतला अंगठा हें मोर्तब नव्हे. तो न वाचतां उमटतो.

मालकांच्या कन्येनें यंत्र काढून टाकलें नाहीं, आणि तें योग्यच केलें. तिनें त्याला नवी शिस्त घालून दिली. यादीच्या प्रत्येक ओळीपुढें ती गोष्ट कोण बोललें, केव्हां बोललें, आणि त्याचे मूळ शब्द काय होते, हें लिहावयाचें. जें कोणीच बोललें नाहीं तें खालीं वेगळ्या मथळ्याखालीं, ‘गृहीत’ म्हणून. सरकारी नियम यंत्राच्या आठवणीवरून लिहावयाचा नाहीं. तो हिशेबनिसानें मूळ अधिसूचना पाहून द्यावयाचा. मुकादमाला टंकलेखनाचा सराव नव्हता, म्हणून तिनें त्याचें बोलणें फोनवर घेऊन ग्रूपांत टाकलें. यंत्रानें तें बऱ्यापैकीं उतरवून घेतलें, फक्त ‘भारा’ ह्या शब्दाचा ‘भाडें’ केला, तो मुकादमानेंच हंसून दुरुस्त करविला.

नव्या यादींत दोन वजनांना दोन रकाने मिळाले, आणि मजुरी कांट्याच्या रकान्याशीं बांधली गेली. ‘गृहीत’ ह्या मथळ्याखालीं सात ओळी निघाल्या. त्यांपैकीं पांच मालक व मुकादम यांनीं समोरासमोर बसून चहा निवायच्या आंत मिटविल्या, आणि एक हिशेबनिसानें खोडली. सातवी होती मोटारीच्या बाहेर येणाऱ्या लांब तुळयांविषयीं. मोठ्या आकारमानाच्या मालाला ई-वे बिलाची मुदत दर वीस किलोमीटरांस एक दिवस अशी निराळी आहे. कोणती तुळई त्यांत धरावी हें मालकांनाही छातीठोकपणें सांगतां येईना. त्या ओळीपुढें कन्येनें ‘अद्याप ठरलें नाहीं’ असें स्वतःच्या हातानें लिहिलें, खालीं तारीख घातली, सही केली, आणि कागद कांट्याच्या खोलींत भिंतीला लावून ठेवला.