टोमॅटोवरील अळी आणि तिचा आठवडा

हिवाळ्यांत मटार सोलतांना एखाद्या शेंगेंतून हिरवी अळी बाहेर येते, आणि सोलणारा दचकून ती शेंग बाजूस टाकतो. हरभऱ्याच्या घाट्यांत, तुरीच्या शेंगांत, कपाशीच्या बोंडांत आणि मक्याच्या कणसांतही हीच अळी सांपडते. शेतकरी तिला घाटेअळी म्हणतो. शास्त्रज्ञांनीं तिला हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा असें नांव दिलें आहे. घराच्या गच्चीवर कुंडींत लावलेल्या टोमॅटोस पहिलें फळ धरतें, घरांतील मुलें रोज त्याच्याकडे पाहूं लागतात, आणि एके सकाळीं त्या हिरव्या फळास वाटोळें भोंक पडलेलें दिसतें. तें भोंक पाडणारी बहुधा हीच अळी असते.

अशा वेळीं घरांतील मंडळींचा पहिला विचार विषारी फवाऱ्याकडे वळतो. तो स्वाभाविक असला तरी दोन कारणांनीं फसवा आहे. एक तर टोमॅटो हें फळ पुष्कळदां कच्चेंच खाल्लें जातें. गच्चीवरून तोडलेलें फळ कोशिंबिरीसाठीं तसेंच विळीवर जातें. फवारणी आणि तोडणी यांच्या दरम्यान जे दिवस जाऊं द्यावयाचे असतात, ते घरगुती बागेंत सहसा कोणी मोजीत नाहीं. दुसरें कारण याहून महत्त्वाचें आहे. अळी एकदां फळांत शिरली म्हणजे बाहेरून मारलेलें विष तिच्यापर्यंत फारसें पोंचत नाहीं. विष सालीवर राहतें आणि अळी आंत राहते.

शिवाय ही अळी विषांना सरावते. १९८७ सालच्या हंगामांत आंध्र प्रदेशांतील गुंटूर व प्रकाशम् या जिल्ह्यांत कपाशीवर तिचा कहर झाला, तेव्हां शेतकऱ्यांनीं फवारणीमागून फवारणी करूनही पीक हातीं लागलें नाहीं. पायरेथ्रॉइड वर्गांतील औषधांना ती तोंवर दाद देईनाशी झाली होती. प्रत्येक फवारणींत ज्या थोड्या अळ्या तगल्या, त्यांचीच प्रजा पुढें वाढली. आणि अळ्यांना खाणारे किडे मात्र त्याच फवाऱ्यांत मेले. शत्रु शिल्लक राहिला आणि मित्र नाहींसे झाले.

म्हणून विषाविना या अळीचा बंदोबस्त करावयाचा तर आधीं तिचें वेळापत्रक पाहिलें पाहिजे. मादी पतंग संध्याकाळीं अंधार पडल्यावर हिंडूं लागते आणि शेंड्याकडील कोंवळ्या पानांवर व फुलांवर एकेक सुटें अंडें घालते. एकटी मादी कित्येक शें अंडीं घालूं शकते. अंडें खसखशीच्या दाण्याहून लहान आणि पिवळसर पांढरें असतें. तीन ते पांच दिवसांत तें फुटतें. नुकती बाहेर आलेली अळी कोंवळें पान खरवडते, फूल खाते, आणि थोडी मोठी झाली म्हणजे हिरव्या फळाकडे वळते. ती डोकें फळांत खुपसून खाते; मागचा भाग पुष्कळदां बाहेरच असतो. एक फळ अर्धवट टाकून ती दुसऱ्यावर जाते, त्यामुळें एक अळी अनेक फळें नासवते. पंधरा ते वीस दिवसांत ती सुमारें ४ सेंटिमीटर लांब होते, मग खालीं उतरून मातींत कोष करते, आणि त्या कोषांतून पुन्हां पतंग निघतो.

या हकीकतींत सर्व उपायांचें मर्म आहे. अंडें आणि त्यांतून निघालेली इवलीशी अळी उघड्यावर असतात तो काळ जेमतेम एक आठवड्याचा. त्या आठवड्यांत साधा उपायही पुरतो. तो आठवडा निसटला कीं भारी उपायही थिटा पडतो.

सर्वांत पहिलें साधन म्हणजे डोळे आणि हात. झाडास फुलें येऊं लागलीं कीं दर एक दिवसाआड सकाळीं शेंड्याचीं पानें व फुलें दोन्ही बाजूंनीं न्याहाळावींत. अंडें दिसल्यास बोटानें पुसून टाकावें. पानावर वा फळाजवळ काळसर विष्ठा दिसली तर अळी जवळपासच आहे असें समजावें. भोंक पडलेलें फळ झाडावर ठेवूं नये. तें तोडून साबणाच्या पाण्यांत बुडवावें. तें तसेंच खताच्या टोपलींत टाकल्यास अळी बाहेर पडून तेथेंच कोष करते. दहा-बारा कुंड्यांच्या बागेस या पाहणीला पाव तासाहून अधिक वेळ लागत नाहीं.

पाहणी करतांना आणखी दोन अळ्या ओळखून ठेवाव्यात. पहिली तंबाखूवरील पानें खाणारी अळी. हिचीं अंडीं सुटीं नसून पानाच्या खालच्या बाजूस पुंजक्यानें असतात, आणि त्यांवर तपकिरी लव असते. बाल्यावस्थेंत सगळ्या अळ्या एकत्र राहून पान जाळीसारखें करतात. तें एक पान वेळीं खुडलें कीं शेंकडों अळ्या एकदम जातात. पुढें त्या पांगतात, दिवसा मातींत लपतात आणि रात्रीं खातात. मग त्यांना शोधण्यास दिवा घेऊन जावें लागतें. दुसरी अळी टुटा ॲब्सोल्यूटा नांवाची. ती मूळची दक्षिण अमेरिकेंतील. २००६ सालीं ती स्पेनमध्यें आढळली आणि २०१४ सालीं पुणें भागांतील टोमॅटोवर दिसली. ती पानाच्या दोन पापुद्र्यांमध्यें शिरून पांढुरके चट्टे पाडते. असे चट्टे पडलेलीं पानें लागलींच खुडून नष्ट करावींत.

दुसरें साधन म्हणजे पतंगास भुलविणें. पतंगाची मादी झेंडूच्या फुलांकडे ओढली जाते. बंगळूर येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेनें याचा उपयोग करून टोमॅटोच्या दर १६ ओळींमागें उंच झेंडूची एक ओळ लावण्याची पद्धत सांगितली आहे. त्यांतील खुबी वयांत आहे : लावणीच्या वेळीं झेंडूचें रोप ४० दिवसांचें आणि टोमॅटोचें २५ दिवसांचें असावें, म्हणजे दोहोंस एकाच वेळीं फुलें येतात. टोमॅटो फळास आल्यावर झेंडू फुलला तर तो शोभेपुरताच राहतो. गच्चीवरही दोन-तीन कुंड्या झेंडूच्या ठेवाव्यात. मात्र झेंडू अळीला पळवून लावीत नाहीं, तो तिला आपल्याकडे ओढतो. म्हणून त्या फुलांचीही पाहणी करून अंडीं व अळ्या काढल्या पाहिजेत.

तिसरें साधन निसर्गानेंच दिलें आहे. ट्रायकोग्रामा नांवाची गांधीलमाशीच्या कुळांतील एक माशी लांबीला १ मिलिमीटरही भरत नाहीं. ती पतंगाच्या अंड्यांत आपलें अंडें घालते. मग त्या अंड्यांतून अळीऐवजीं दुसरी ट्रायकोग्रामा बाहेर येते. प्रयोगशाळेंत वाढविलेलीं अशीं अंडीं कागदी पट्ट्यांवर चिकटवून शेतांत टांगतात. विषाचा फवारा केला कीं हें इवलेंसें सैन्य गारद होतें.

चौथें साधन निंबोळी. १९६२ सालीं दिल्ली येथील भारतीय कृषि संशोधन संस्थेंत टोळांचे थवे उतरले असतां, निंबोळीच्या मगजाचें पाणी फवारलेलें पीक टोळांनीं खाल्लें नाहीं. त्यांतील आझाडिरॅक्टिन हें द्रव्य पुढें १९६८ सालीं इंग्लंडांत वेगळें करण्यांत आलें. तें अळीची भूक मारतें आणि तिचें कात टाकणें बिघडवितें. घरीं ५० ग्रॅम मगज कुटून एक लिटर पाण्यांत रात्रभर भिजवावा, दुसऱ्या दिवशीं जाड फडक्यानें गाळावा, त्यांत किंचित् सौम्य साबण मिसळावा, आणि ऊन उतरल्यावर पानांच्या दोन्ही बाजूंस फवारावें. अर्क त्याच दिवशीं वापरावा आणि आठ-दहा दिवसांनीं फवारणी पुन्हां करावी. अळी तत्काळ मेली नाहीं म्हणून निराश होऊं नये; निंबोळीचें काम सावकाश चालतें, आणि तेंही लहान अळीवरच.

पांचवें साधन म्हणजे अळीचा रोग. जपानांत १९०१ सालीं इशिवाता यांना रेशमाच्या मेलेल्या किड्यांत एक जंतु आढळला. पुढें जर्मनींत बर्लिनर यांना तसाच जंतु थुरिंजिया प्रांतांतून आलेल्या पिठावरील पतंगांत सांपडला. त्या प्रांतावरून त्यास बॅसिलस थुरिंजिएन्सिस हें नांव पडलें. या जंतूचें स्फटिकरूप प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आंतड्यांत विरघळून तें फाडतें. माणसाच्या जठरांतील आम्लांत त्याची अशी क्रिया होत नाहीं. अळी कांहीं तासांतच खाणें सोडते व दोन-तीन दिवसांत मरते. मात्र तें तिच्या पोटांत गेलें पाहिजे. फळांत शिरलेल्या अळीस तें मिळत नाहीं. फुलपांखरांच्या अळ्याही त्यानें मरतात, म्हणून तें टोमॅटोच्या झाडापुरतेंच फवारावें. घाटेअळीस होणारा एक विषाणुरोगही असाच उपयोगी पडतो. त्यानें ग्रासलेली अळी शेंड्यावर चढून डोकें खालीं करून लोंबकळते. उन्हानें दोहोंचाही जोर ओसरतो, यास्तव फवारणी संध्याकाळीं करावी.

येथें एक इशारा आवश्यक आहे. घरगुती म्हणजे निर्विष, असें नव्हे. कित्येक घरांत तंबाखूचा काढा सुचविला जातो. परंतु त्यांतील निकोटिन हें माणसासही घातक विष आहे, आणि तंबाखूतून टोमॅटोस केवड्यासारखा विषाणुरोग जडूं शकतो. तो काढा खाण्याच्या झाडावर मारूं नये.

पीक संपल्यावर कुंडींतील माती उपसून उन्हांत पसरावी, म्हणजे तिच्यांतील कोष पक्ष्यांच्या आणि उन्हाच्या तावडींत सांपडतात. शेतांत खोल नांगरटीचा हेतु तोच असतो.

गच्चीवर हें सारें सुलभ आहे. नारायणगांव किंवा पिंपळगांव बसवंतच्या बाजारांत माल नेणाऱ्या शेतकऱ्यास एकरभर टोमॅटोंतील पान न् पान पाहणें शक्य नसतें. तोही झेंडू, कामगंध सापळे, निंबोळी आणि विषाणु यांचा आधार घेऊं शकतो. पण शंभरांतील चार-दोन फळें डागाळण्याची तयारी त्याला ठेवावी लागते. डाग दिसतांच फळ परत टोपलींत टाकणारें गिऱ्हाईक त्याला ती तयारी ठेवूं देत नाहीं. ज्या घरानें एक हंगाम आपल्या कुंडींतील अळीचा आठवडा ओळखण्यांत घालविला असेल, तें घर बाजारांत निराळ्या नजरेनें फळ निवडील. सालीवर लहानसा वाळलेला डाग दिसला तर तेवढा भाग विळीनें काढून टाकतां येतो, हें त्या घराला ठाऊक झालेलें असेल.