दोन पत्रांची हकीकत



उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथून आपण सहकुटुंब आलात. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या इतिहासाशी आपला काय संबंध, असे आपण विचाराल. तो संबंध जोतीराव फुल्यांनी १८७३ सालीच जोडला. ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी गुलामांस दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकनांस अर्पण केला. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विद्वानास पत्र लिहिले. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या दोन-तीन प्रती त्यांनी मागविल्या. कशासाठी? अस्पृश्यांचे गाऱ्हाणेही तेथे नेण्याचा विचार चालला होता. ड्यू बॉइस यांनी त्याच वर्षी सहानुभूतीचे उत्तर धाडले.

तेथे गुलामगिरी १८६५ साली कायद्याने गेली. तरी १९५५ साली माँटगोमेरीत गोऱ्या उतारूसाठी जागा सोडली नाही म्हणून रोझा पार्क्स यांना अटक झाली. मध्ये नव्वद वर्षे! मग ३८१ दिवस तेथील कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला. कित्येक पायीच कामावर गेले. आपल्या संविधानाने १९५० साली अस्पृश्यता नष्ट केली. पण भाड्याची खोली शोधताना आडनाव सांगण्यास जीभ का अडखळते, हे आपण जाणता. मुलांपासून ते लपवू नका.

बाबासाहेबांचे ते पत्र मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संग्रहात जपलेले आहे. घरातील शिकत्या मुलीकडून ते मराठीत करवून घ्या, आणि आजीला वाचून दाखवा.