संस्थेची वही आणि नवी साधने

(वार्षिक स्नेहसंमेलनात झालेले भाषण)



संस्थेने आपले संकेतस्थळ कोठे ठेवावे, व्हॉट्सॲपवर काय कळवावे आणि काय कळवू नये, हा विषय संमेलनाच्या आनंदात थोडा रूक्षच आहे. तरीही तो आज आपणांपुढे मांडणे भाग आहे. कारण गतवर्षी आमच्या गैरसमजुतीपायी एका मुलीचे शिक्षणसाहाय्य हुकले.

हकीकत अशी. विद्यार्थी साहाय्यक निधीचे निवेदन आम्ही त्या वर्षी केवळ ग्रुपवर टाकले. टपालखर्च वाचला म्हणून आम्हांस धन्यताही वाटली! सुप्रभातची चित्रे आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा यांच्याखाली ते निवेदन तासाभरात गाडले गेले. त्या मुलीच्या घरी फोन एकच, तोही वडिलांपाशी. आणि वडील कारखान्यात रात्रपाळीवर. मुदत उलटल्यावर आठ दिवसांनी ती कार्यालयात आली, आणि नियमावर बोट ठेवून आम्ही तिला परत पाठविले. दोष तिचा नव्हता, हे येथे उघडपणे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

व्हॉट्सॲप वाईट, असे आमचे म्हणणे नाही. कोणाच्या घरी दुःखद प्रसंग ओढवला, तर ते वृत्त घटकाभरात सर्वांस कळते. पूर्वी तार करूनही हे साधत नसे. परंतु वार्ता पोहोचविणे निराळे आणि नोंद राखणे निराळे. ग्रुपची मर्यादा पूर्वी २५६ जणांची होती. ती २०२२ साली १०२४ झाली. अशा ग्रुपात प्रत्येकाचा फोन क्रमांक इतर सर्वांस दिसतो. वधूवर सूचीतील उपवर कन्येची जन्मतारीख आणि पत्ता तेथे मांडणे आम्हांस मुळीच मान्य नाही. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी, आणि देणाऱ्याच्या संमतीने वापरावी, हे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचेही तत्त्व आहे. आणि कायदा नसता तरी लेकीबाळींच्या बाबतीत आपली रीत हीच असती.

आता संकेतस्थळ. साधन निवडताना आम्ही एकच प्रश्न विचारीत आलो : फुकट मिळते काय? एका उत्साही तरुणाने स्वतःच्या नावे खाते उघडून संस्थेचे पहिले संकेतस्थळ उभारले. पुढे तो नोकरीनिमित्त परदेशी गेला, त्याचा क्रमांक बदलला, आणि परवलीचा शब्द, ज्यास आपण पासवर्ड म्हणतो, त्याच्याबरोबर गेला. सत्कारसमारंभांची छायाचित्रे आणि सभासदांचे सुधारित पत्ते आम्ही गमावले. त्या तरुणास बोल लावणे अन्यायाचे होईल. त्याच्याकडून तो शब्द लिहून घेण्याचे आम्हांस सुचलेच नाही.

हे केवळ आपल्याच नशिबी आले असे नाही. निंग नावाच्या सेवेवर अनेक लहान संस्थांनी विनामूल्य आपली मंडळे थाटली होती. २०१० साली त्या सेवेने विनामूल्य व्यवस्था बंद केली. गूगल प्लस सर्वसामान्यांसाठी एप्रिल २०१९ मध्ये मिटले. याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये कायमचे बंद झाले, आणि तेथील जुना पत्रसंग्रह त्याआधीच काढून टाकण्यात आला होता. आगाऊ सूचना या कंपन्यांनी दिल्या होत्या, हेही खरे. परंतु खाते उघडणारा चिटणीसच बदलला असेल, तर ती सूचना वाचणार कोण?

कोणी म्हणेल, मग वर्डप्रेससारखी मुक्त प्रणाली घ्यावी, किंवा सेवाभावी संस्थांसाठीच घडविलेली सिव्हीसीआरएम घ्यावी. दोहोंस परवानामूल्य नाही, आणि आतील माहिती आपणांस बाहेर काढून अन्यत्र नेता येते, हा मोठाच गुण. परंतु आंदण मिळालेल्या गाईसही वैरण घालावीच लागते. ती प्रणाली वेळोवेळी अद्ययावत ठेवणारा माणूस आपणांपाशी आहे काय? आज नाही. म्हणून सिव्हीसीआरएमचा मोह आम्ही तूर्त आवरला आहे. संकेतस्थळ मात्र वर्डप्रेसवर, संस्थेच्या नावे आणि संस्थेच्या पैशाने, पुन्हा उभारावे, असे आम्ही सुचवितो. काही तरुण मित्रांस ही चाल मंद वाटेल, याची आम्हांस कल्पना आहे.

सभासदांची यादी कार्यालयाच्या संगणकावर साध्या तक्त्यात राहील, आणि दर तिमाहीस तिची छापील प्रत कपाटात जाईल. पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांपाशी असतील. शिवाय मोहोरबंद पाकिटात तिजोरीत राहतील. साहाय्यक निधीचे निवेदन यापुढे ग्रुपवर जाईल, संकेतस्थळावर राहील, आणि विद्यार्थी असलेल्या प्रत्येक घरी टपालानेही येईल. त्या मुलीचा अर्ज मंडळाने आता विशेष बाब म्हणून मंजूर केला आहे. वर्ष उलटून गेल्यावर, हे सांगताना आम्हांस संकोच वाटतो.

सभागृहाच्या दारापाशी मेजावर नोंदवही ठेवली आहे. भोजनास जाण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने आपला पत्ता आणि क्रमांक तीत तपासून पाहावा, आणि घरात शिकणारी मुले किती, तेही लिहावे. पेन दोरीने बांधून ठेवले आहे.